उदरभित्ती : थर, स्नायू आणि वंक्षणातील वाट

उदरपरीक्षणासाठी रुग्णास उताणे निजवून आपण पोटावर हात ठेवतो, तेव्हा आपले सारे लक्ष आतील अवयवांकडे असते. यकृत बरगडीखाली किती उतरले आहे, प्लीहा हातास लागते काय, पक्वाशयात मळाचा संचय आहे काय, गुल्म चल आहे की अचल, हे आपण चाचपतो व त्यावरून निदान ठरवितो. आपला हात आणि रुग्णाचे कोष्ठ यांच्यामध्ये जी भिंत आहे, तिचा मात्र स्वतंत्र विचार क्वचितच होतो. परिणामी भिंतीतील वेदनेस कोष्ठातील वेदना समजून महिनोन्‌महिने दीपन-पाचन दिले जाते आणि भिंतीच्या दुबळ्या जागेतून उतरलेल्या आतड्यास वायूचा गोळा समजून अनुलोमन दिले जाते. पहिल्या प्रकारात रुग्णाचा पैसा व काळ वाया जातो, दुसऱ्यात प्राण जाऊ शकतो. प्रस्तुत लेखात उदरभित्तीच्या शारीराची उजळणी याच दृष्टीने करावयाची आहे. शारीराचा हा भाग प्रथम वर्षाच्या परीक्षेपुरता पाठ करून विसरला जातो, हा आमचा अनुभव आहे. वाचकांचा याहून फार वेगळा असेल असे वाटत नाही.

आरंभी एका शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. बोली मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांस, म्हणजेच आकुंचन पावणारा अवयव. शालेय पुस्तकांतही तोच अर्थ आहे. सुश्रुतसंहितेत मात्र त्यास ‘पेशी’ म्हटले आहे आणि ‘स्नायू’ हा शब्द बांधून ठेवणाऱ्या तंतुमय रचनेसाठी योजिला आहे. रुग्ण ‘पोटाचा स्नायू धरला’ असे सांगतो तेव्हा तो पेशीविषयी बोलत असतो आणि आपण ग्रंथातील स्नायुगत वाताचा विचार करू लागतो. दोघेही एकच शब्द उच्चारतात, पण बोट वेगळ्या ठिकाणी असते. या लेखात पेशी व स्नायू हे दोन्ही शब्द संहितेतील अर्थाने वापरले आहेत.

त्वचा आणि मेद

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सात त्वचा सांगितल्या. सर्वांत बाहेरची अवभासिनी, सर्वांत आतली मांसधरा. पैकी मांसधरेची जाडी दोन व्रीही. हे प्रमाण सांगून झाल्यावर आचार्य लगेच एक खुलासा करतात आणि तो आमच्या मते फार मोलाचा आहे. ही जाडी मांसल प्रदेशांसाठी समजावी, कपाळ किंवा बोटांसारख्या ठिकाणांसाठी नव्हे, असे ते म्हणतात व त्याला आधार म्हणून उदररोगातील वेधनाचे उदाहरण देतात : तेथे व्रीहिमुख शस्त्र अंगठ्याच्या उदराइतके खोल घालावयास सांगितले आहे. म्हणजे पोटावरील थरांची जाडी हा ग्रंथकर्त्याच्या दृष्टीने वर्णनापुरता विषय नव्हता. शस्त्र किती आत न्यावे, याचा तो हिशेब होता.

आधुनिक शारीरात त्वचेखाली मेदाचा थर येतो. नाभीच्या खालील भागात त्याचे दोन पदर होतात : वरचा मऊ, मेदाने भरलेला कॅम्परचा पदर आणि आतला पातळ परंतु चिवट असा स्कार्पाचा पदर. हा आतला पदर जांघेच्या किंचित खाली मांडीच्या आवरणास चिकटतो, पण वृषणकोश व सेवनीच्या दिशेने तो अखंड खाली जातो. मूत्रमार्ग फाटून पाझरलेले मूत्र मांडीत न उतरता वृषणकोशात व तेथून पोटाच्या भिंतीत वर का चढते, याचे कारण एवढ्या एका जोडणीत आहे. स्थूल रुग्णात या दोन पदरांची मिळून जाडी चार बोटांहूनही अधिक असू शकते. अशा पोटात लहानशी गाठ हातास लागली नाही, तर ती नाहीच असे समजू नये.

पाच पेशी

कोष्ठातील सहासष्ट पेशींपैकी उदरात पाच व नाभीत एक, असा सुश्रुताचा गणनाक्रम आहे. आधुनिक शारीरातही पोटाच्या पुढील व बाजूच्या भिंतीत एका बाजूस पाच पेशी मोजतात : तीन सपाट, एक सरळ पट्ट्यासारखी उभी आणि भगास्थीच्या वर एक लहानशी त्रिकोणी, जी पुष्कळांत नसतेही. आकडा जुळला म्हणून अनेक पाठ्यपुस्तके ‘या त्याच पाच’ असे लिहून मोकळी होतात. आम्हास हे घाईचे वाटते. सुश्रुताने या पाचांची स्वतंत्र नावे दिलेली नाहीत, दिशाही सांगितलेल्या नाहीत. आकड्यांचे साम्य आनंददायक खरे. परंतु रुग्णाच्या पोटावर हात ठेवणाऱ्याला आकड्यापेक्षा तंतूंच्या दिशा अधिक उपयोगी पडतात.

त्या दिशा अशा आहेत. सर्वांत बाहेरील तिरकी पेशी, एक्सटर्नल ऑब्लिक, खालच्या आठ बरगड्यांपासून निघून खाली व पुढे मध्यरेषेकडे येते. सदऱ्याच्या खिशात हात घातल्यावर बोटे ज्या दिशेने जातात तीच ही दिशा. तिच्या आतील इंटर्नल ऑब्लिक पेशीचे तंतू बहुतांशी याच्या उलट, खालून वर मध्यरेषेकडे जातात. सर्वांत आतील ट्रान्सव्हर्सस पेशीचे तंतू कमरपट्ट्याप्रमाणे आडवे असतात. प्लायवूडचे पातळ पापुद्रे सुतार उलटसुलट दिशांनी चिकटवितो, तीच युक्ती येथे आहे. त्यामुळे कोणत्याही एका दिशेने ताण आला तरी भिंत उभी फाटत नाही. खोकणे, शिंकणे, मलप्रवृत्ती, प्रसूती, वजन उचलणे या प्रत्येक क्रियेत कोष्ठातील दाब वाढतो आणि ही तिपदरी भिंत तो सहन करते. अपानाच्या कर्मांत या भिंतीचा वाटा किती मोठा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

इंटर्नल ऑब्लिक व ट्रान्सव्हर्सस यांच्या मधल्या फटीतून भिंतीच्या नाड्या व वाहिन्या पुढे येतात. सातव्यापासून बाराव्यापर्यंतच्या वक्षनाड्या आणि पहिली कटिनाडी यांच्याकडे हा प्रदेश वाटून दिलेला असतो. नाभीच्या पातळीवर दहावी. कच्छदाद किंवा गजकर्ण नव्हे, तर ज्यास लोक ‘नागीण’ म्हणतात ती हर्पीस झोस्टरची पुरळे उठण्यापूर्वी दोनतीन दिवस नाभीच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखी आग व वेदना होते. तेव्हा पित्ताशय किंवा वृक्काश्मरीचा संशय येतो आणि सोनोग्राफी होते. पुरळे उठल्यावर सर्व उलगडते. याच नाड्यांची टोके सरळ पेशीच्या बाहेरील कडेशी तिच्यातून पुढे येताना आवळली जातात, तेव्हा बोटाच्या टोकाने दाखविता येईल अशी एकाच जागची तीव्र वेदना वर्षानुवर्षे राहू शकते.

अशी वेदना भिंतीतील की कोष्ठातील, हे ठरविण्याची एक सोपी परीक्षा अमेरिकन शल्यविद कार्नेट यांनी १९२६ साली सांगितली. रुग्णास उताणे निजवून दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवावे आणि त्यास हातांचा आधार न घेता डोके व खांदे उचलण्यास सांगावे. पेशी ताठर होऊन कोष्ठासमोर ढाल उभी राहते. वेदना आतील असेल तर ती कमी होते. तशीच राहिली किंवा वाढली, तर ती बहुधा भिंतीची समजावी. या परीक्षेस उपकरण लागत नाही व अर्धे मिनिटही लागत नाही. मात्र आतील शोथ भिंतीच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचला असेल, उदाहरणार्थ उंडुकपुच्छाचा शोथ वाढला असेल, तर ही परीक्षा फसवू शकते. ज्वर, वमन व काष्ठवत ताठर झालेले उदर समोर असताना या परीक्षेवर विसंबू नये.

सरळ पेशी म्हणजे उदरदंडिका, रेक्टस. भगास्थीपासून पाचव्या, सहाव्या व सातव्या बरगडीच्या तरुणास्थीपर्यंत ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस उभी असते. तीन सपाट पेशींचे पुढील टोक मांसल नसून पांढरे, पसरट व चामड्यासारखे होते आणि त्याच पदरांनी उदरदंडिकेची म्यान बनते. वरील भागात ही म्यान पुढून व मागून अशी दोन्हीकडून असते. नाभी व भगास्थी यांच्या साधारण मध्यावर एक कमानीसारखी कड आहे. तिच्या खाली सर्व पदर पेशीच्या पुढून जातात आणि मागे केवळ एक पातळ आवरण, त्यामागे मेद व उदरावरण एवढेच उरते. ही कड पुस्तकात क्षुल्लक वाटते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या एखाद्या वृद्धास कासाचा जोराचा उबळ येतो, उदरदंडिकेमागील वाहिनी फाटते, आणि या कडेखाली रक्त अडविणारे मागचे पान नसल्यामुळे तेथे मोठा रक्तसंचय होतो. पोटाच्या खालच्या भागात एकाएकी उठलेली वेदनायुक्त गाठ पाहून कोणालाही गुल्माची आठवण होईल. अशा रुग्णास आधी ‘रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे काय’ हे विचारावे. स्नेहन, स्वेदन व मर्दन येथे सर्वथा वर्ज्य.

वेधनाची जागा

या भिंतीचे शारीर प्राचीनांनी किती बारकाईने वापरले, याचा उत्तम नमुना जलोदराच्या वेधनात सापडतो. चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात सुश्रुत सांगतात : नाभीच्या खाली, डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून वेध करावा. रोमराजी म्हणजे नाभीपासून खाली जाणारी केसांची रेषा, अर्थात मध्यरेषा. रुग्णाच्या स्वतःच्या अंगुळांनी मोजता हे अंतर सुमारे तीन इंच भरते. उदरदंडिका व तिच्यामागील मोठी वाहिनी मध्यरेषेच्या बाजूस राहते आणि शस्त्र जाते ते तिच्या बाहेरील कडेच्या आसपास. आजही रुग्णालयांत जलोदराचे पाणी काढताना डावी खालची बाजू पसंत केली जाते. वाहिनी टाळण्यासाठी सुई आणखी बाहेर, श्रोणीच्या पुढील टोकाच्या जवळ घालतात. मध्यरेषेपेक्षा तेथे भिंत पातळ आणि पाण्याचा साठा खोल असल्याचे सोनोग्राफीने मोजून पाहिलेले आहे. सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये, हा सुश्रुताचा इशाराही तितकाच लक्षणीय आहे. त्यांनी ते सोळा दिवसांपर्यंत टप्प्याटप्प्याने काढावयास सांगितले, आणि पाणी निघाल्यावर वायूने उदर पुन्हा फुगू नये म्हणून लोकर, रेशीम किंवा चर्म यांच्या पट्ट्याने ते घट्ट वेढावयास सांगितले.

हे वर्णन अभिमानाने वाचावे. परंतु वेधन आज रुग्णालयातच, सोनोग्राफीच्या साहाय्याने व रक्ताच्या तपासण्या पाहून व्हावे. दवाखान्यात आपण करावयाचे काम वेगळे आहे. जलोदराच्या रुग्णाच्या पोटावर फुगलेल्या सिरा दिसतात. दोन बोटांनी सिरेचा तुकडा रिकामा करून एकेक बोट उचलावे व रक्त कोणत्या दिशेने भरते ते पाहावे. नाभीपासून बाहेर, खालील सिरेत खालच्या दिशेने भरत असेल तर यकृतातील अवरोध. नाभीखालील सिराही वरच्या दिशेने भरत असतील तर अधोमहासिरेतील अवरोध संभवतो. गर्भावस्थेत नाभीतून यकृताकडे जाणारी सिरा जन्मानंतर आटून दोरीसारखी होते. तिच्या शेजारच्या बारीक सिरा यकृतातील अवरोधाने पुन्हा रुंद होतात, म्हणून नाभी हे या सिराजालाचे केंद्र ठरते.

स्नायू : पांढरी रेषा

सुश्रुताने नऊशे स्नायू सांगितले व त्यांचे चार प्रकार केले : प्रतानवती, वृत्त, पृथु व सुषिर. पार्श्व, उर, पृष्ठ व शिर या ठिकाणचे स्नायू पृथु, म्हणजे रुंद व पसरट. उदराचा उल्लेख त्या यादीत स्पष्ट नाही. परंतु पार्श्वभागातून पुढे येणारे हे पांढरे पसरट पदर पाहिल्यावर ‘पृथु’ याहून समर्पक शब्द सुचत नाही. फळ्या पुष्कळ बंधांनी बांधल्यावरच नाव पाण्यावर भार वाहते, हा आचार्यांचा दृष्टान्त सर्वांस ज्ञात आहे. अस्थी, पेशी, सिरा वा संधी यांच्या आघातापेक्षा स्नायूचा आघात अधिक घातक, असेही ते म्हणतात. उदरभित्तीत या विधानाचा प्रत्यय येतो. पेशी दुखावली तर भरून येते. पांढरा पदर एकदा विरला की आपोआप पूर्ववत होत नाही.

दोन्ही बाजूंचे पदर मध्यरेषेत एकमेकांत विणले जातात ती श्वेतरेषा, लिनिया अल्बा. नाभीच्या वर ती रुंद, खाली अरुंद असते. या विणीत एखादे छिद्र राहिले तर त्यातून आतील मेदाचा वाटाण्याएवढा गोळा बाहेर डोकावतो. उरोस्थी व नाभी यांमधील ही गाठ डोळ्यांस दिसत नाही, पण भोजनोत्तर तीव्र शूल देते. परिणामशूल किंवा अम्लपित्त म्हणून अशा रुग्णास कित्येक वर्षे शंखभस्म व सूतशेखर दिले गेल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. रुग्णास उभे करून खोकावयास सांगावे आणि मध्यरेषेवरून एक बोट सावकाश खाली आणावे.

प्रसूतीनंतर श्वेतरेषा ताणली जाऊन दोन्ही उदरदंडिका एकमेकींपासून दूर होतात. उताण्या स्थितीत डोके उचलताच मध्यभागी उभा फुगवटा येतो. ही अंत्रवृद्धी नव्हे, कारण पदर पातळ झालेला असला तरी फाटलेला नसतो. चरकाचार्यांनी सूतिकेच्या उदरास घृत-तैल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेढावयास सांगितले आणि वायूस अवकाश न राहिल्याने विकृती होत नाही, असे कारणही दिले. आपल्याकडे जुन्या मऊ लुगड्याने बाळंतिणीचे पोट बांधण्याची रीत हीच. ती बावळट समजून टाकून देऊ नये. पण बांधणे म्हणजे आवळणे नव्हे. श्वास घेताना अडत असेल किंवा ओटीपोटात खाली ढकलल्यासारखे वाटत असेल तर पट्टा सैल करावा. आरंभीच्या काळात उताणे निजून एकदम उठून बसण्याचे व्यायाम टाळावेत, कुशीवर वळून उठावे. सिझेरियनच्या व्रणाच्या जागी फुगवटा येत असेल, तर मात्र शल्यविदाचे मत घ्यावे.

नाभीविषयी थोडक्यात. नाभी श्वेतरेषेतच घट्ट बसविलेली आहे. ती सरकू शकेल अशी कोणतीही रचना तेथे नाही. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणाऱ्यांच्या नाभीखाली जे ठोके लागतात ते महाधमनीचे. बालकाची उत्तुंडित नाभी, जी रडताना फुगते, ती बहुतेकांत चार-पाच वर्षांच्या आत आपोआप बसते. तिच्यावर नाणे ठेवून बांधण्याने लाभ होत नाही, खालील त्वचा मात्र सोलवटते.

वंक्षणातील वाट

बाहेरील तिरक्या पेशीच्या पांढऱ्या पदराची खालची कड श्रोणीच्या पुढील टोकापासून भगास्थीच्या उंचवट्यापर्यंत ताणलेली असते आणि आत वळून पन्हळीसारखी होते. हीच वंक्षणस्नायू, इंग्वायनल लिगामेंट. तिच्या आतल्या टोकाचा एक लहान त्रिकोणी भाग मागे भगास्थीच्या कडेस चिकटतो. स्पॅनिश शल्यविद गिंबेर्नात यांचे नाव त्यास मिळाले. मांडीकडील अंत्रवृद्धी सोडविण्यासाठी हा भाग कापण्याची पद्धत त्यांनी १७९३ साली प्रसिद्ध केली. तेथूनच भगास्थीच्या कडेने पुढे जाणारा चिवट पट्टा कूपरचा. एवढी तीन नावे लक्षात ठेवली तरी वंक्षणाचे बरेचसे कोडे सुटते.

या स्नायूच्या वर, तिला समांतर, सुमारे दीड इंच लांबीची तिरपी सुरंग आहे. गर्भावस्थेत वृषण याच वाटेने उदरातून कोशात उतरतात व मागे शुक्रवाहिनी ठेवून जातात. सुरंगेचे आतील द्वार वंक्षणस्नायूच्या मध्यापासून अर्धा इंच वर, बाहेरील द्वार भगास्थीच्या उंचवट्याच्या वर. वंक्षण व वृषण यांमध्ये सुश्रुताने सांगितलेले विटप मर्म येथेच. ते स्नायुमर्म, एक अंगुळ, वैकल्यकर, आणि त्याच्या आघाताचे फळ षांढ्य किंवा अल्पशुक्रता. शुक्रवाहिनी व वृषणाची वाहिनी ज्या जागेतून जातात तेथील आघाताचे हेच फळ अपेक्षित आहे.

आता निदानस्थानातील अंत्रवृद्धीचे वर्णन पुन्हा वाचून पाहावे. ओझे वाहणे, बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशा कारणांनी वाढलेला वायू आतड्याचा एक भाग घेऊन खाली जातो, वंक्षणसंधीत गाठीच्या रूपाने थांबतो आणि उपाय न झाल्यास काही काळाने फलकोशात उतरतो. दाबल्यास आवाज करीत वर जातो, सोडल्यास पुन्हा फुगतो. आतील द्वारातून शिरून सुरंगेत थांबणाऱ्या व नंतर कोशात उतरणाऱ्या अंतर्गळाचे क्रमवार चित्र याहून स्पष्ट काढता येणार नाही. कोशात उतरलेली वृद्धी त्यांनी असाध्य म्हटली. वंक्षणातच असलेली मात्र अर्धचंद्राकृती शलाकेने जाळावी आणि ते कशासाठी, तर ‘मार्गावरोधा’साठी. हा शब्द थांबून विचार करण्यासारखा आहे. वायूचे शमन त्यांना नाकारावयाचे नव्हते. परंतु वाट उघडी आहे तोवर आतडे उतरतच राहणार, हे त्यांनी ओळखले होते.

पुढील शल्यतंत्राचा इतिहास म्हणजे या मार्गावरोधाचाच इतिहास होय. इटलीतील बॅसिनी यांनी १८८७ साली सुरंगेची मागील भिंत वंक्षणस्नायूशी शिवण्याची पद्धत मांडली. अमेरिकेतील लिक्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात ताण न देता जाळी बसविण्याचा प्रघात पाडला व तो सर्वत्र गेला. पुण्याचे शल्यविद डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जाळी न वापरता बाहेरील तिरक्या पेशीच्या पांढऱ्या पदराचीच पट्टी मागील भिंतीस शिवली जाते. रुग्णाच्याच पृथु स्नायूने वाट बंद करावयाची, ही कल्पना आयुर्वेदीयांस विशेष भावण्यासारखी आहे.

मार्गावरोधाचे हे काम कोणत्याही क्वाथाने किंवा गुग्गुळकल्पाने होत नाही, हे आपण स्पष्टपणे मान्य करावे. औषधीचे क्षेत्र वेगळे आहे आणि ते लहान नाही : कास थांबविणे, मलावष्टंभ दूर करणे, वृद्धाची मूत्रप्रवृत्ती सुकर करणे, मेद कमी करणे, शस्त्रकर्मापूर्वी व नंतर बल राखणे. ज्या पुरुषास अंतर्गळाचा त्रास जवळजवळ नाही, त्याने शस्त्रकर्म लांबविले तरी चालते, असे २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. तथापि त्याच रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी दहा वर्षांत, मुख्यतः वेदनेमुळे, शस्त्रकर्म करवून घेतले. ही सवलत स्त्रियांस व मांडीकडील अंतर्गळास लागू नाही.

मांडीकडील अंतर्गळ वंक्षणस्नायूच्या खालून उतरतो. त्याच्या द्वारास पुढे वंक्षणस्नायू, मागे कूपरचा पट्टा, आतल्या बाजूस गिंबेर्नातची कड, म्हणजे तीन बाजूंनी न ताणणारे स्नायू, आणि चौथ्या बाजूस मांडीची सिरा. अशा अरुंद व कठीण द्वारात आतडे अडकले की लवकर आवळले जाते. गाठ सुपारीएवढी असते, खोकल्यावर ती हलेलच असे नाही आणि घरातील लोक तिला ‘अवधाण’ समजतात. भगास्थीच्या उंचवट्यावर बोट ठेवावे. त्याच्या वर व आतल्या बाजूस येणारी गाठ वंक्षणातील, खाली व बाहेरच्या बाजूस येणारी मांडीकडील.

साठी ओलांडलेली एक शेतकरी स्त्री काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आणली गेली. तीन दिवस वमन, आध्मान व पोटात मुरडा. उदावर्त म्हणून अन्यत्र एरंडस्नेह व निरूह दिले होते आणि थोडा मळ पडल्यामुळे सर्वांस धीर आला होता. नऊवारीचा कासोटा सोडून जांघ पाहण्याचे कोणास सुचले नव्हते, किंवा सुचूनही संकोच वाटला असावा. उजव्या जांघेखाली लालसर, स्पर्शासह गाठ होती. त्याच दुपारी शस्त्रकर्म झाले. आतड्याचा वीतभर भाग काळा पडलेला असल्याने काढावा लागला. बाई वाचल्या. थोडा मळ पडला यावर धीर धरणे येथे व्यर्थ होते, कारण आवळलेल्या जागेच्या खालील आतड्यात आधीच असलेला मळ बस्तीने निघतोच. शिवाय कधी आतड्याच्या परिघाचा एखादाच भाग द्वारात अडकतो, तेव्हा मार्ग पूर्ण बंद होत नाही व मळ-वात सरत असताना तेवढा भाग आत मृत होत जातो. वमन व आध्मान असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही जांघा, नाभी व जुने व्रण पाहिल्याखेरीज विरेचन वा बस्ती देऊ नये. स्त्रीरुग्णांसाठी परिचारिका किंवा घरातील स्त्रीस जवळ ठेवावे, म्हणजे संकोचाचा प्रश्न राहत नाही.

औषधालयात

औषधालयांच्या चालकांचा या विषयाशी आपल्याहून अधिक जवळचा संबंध येतो. अंतर्गळाचा पट्टा मागणारा माणूस पुष्कळदा वैद्याकडे न जाता थेट दुकानी येतो. पोट साफ होण्याचे चूर्ण मागणारा तर रोजचाच. पट्टा मागणाऱ्यास गाठ निजल्यावर आत जाते काय, एवढे तरी विचारावे. जात असेल तर पट्टा सकाळी उठण्यापूर्वी, निजलेल्या स्थितीत, गाठ आत गेल्यावरच बांधावा व गादी नेमकी द्वारावर यावी. गाठ बाहेर असताना वरून पट्टा आवळल्यास आतडे द्वारावर चिरडले जाते. गाठ आत जात नसेल, एकाएकी कठीण किंवा वेदनायुक्त झाली असेल, सोबत वमन असेल, तर पट्टा, चूर्ण, तैल यांपैकी काहीही विकू नये. ती स्वतः दाबून आत ढकलण्याचा प्रयत्न न करता, काही न खातापिता, त्याच तासाला शल्यविद असलेल्या रुग्णालयात जाण्यास सांगावे. मांडीकडील गाठीसाठी पट्ट्याचा उपयोग होत नाही, म्हणून जांघेच्या खाली गाठ असल्याचे सांगणाऱ्या स्त्रीस तो मुळीच देऊ नये.